घटलेल्या वजनाचा ताळेबंद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे, अशी आज्ञा चिटणिसांनी केली तेव्हा त्यांनी सुचविलेला विषय होता ‘पहाटेचे फिरणे आणि आरोग्य’. हा विषय आमच्याच वाट्यास का आला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सहा-सात वर्षांपूर्वी जो गृहस्थ या सभागृहातील हातांच्या खुर्चीत मावत नसे, आणि ज्याच्यासाठी गणेशोत्सवात कार्यकर्ते मागच्या खोलीतून बाकडे आणून ठेवीत, तोच पुढे चाळीस किलोंहून अधिक हलका झालेला आपण पाहिला. ग्वारीघाटाच्या रस्त्याने पहाटे चालताना आपल्यापैकी अनेकांची व आमची गाठ पडते. तेव्हा चालण्यानेच हे घडले, असा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु तो समज खरा नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, तो आम्हीच पसरविला. म्हणून चिटणिसांची अनुमती घेऊन आम्ही आजचा विषय बदलला आहे. जानेवारी २०१९ मध्ये नागपूरच्या एका रुग्णालयात आमच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर मंडळी तिला बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. आमच्यावर झालेला प्रकार जठराच्या बायपासचा. कार्यालयात आम्ही हर्नियाचे कारण सांगितले. मंडळात विचारणा झाली तेव्हा “रात्रीचे जेवण सोडले आणि चालू लागलो” असे उत्तर दिले. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला अर्धसत्य कसे लिहावे हे शिकवावे लागत नाही. आम्ही चालत होतो हे खरे. रात्री अल्प जेवत होतो हेही खरे. त्यामागचे कारण तेवढे गाळले होते.

हे आम्ही का केले? लाज वाटली म्हणून. हृदयाचा बायपास झालेल्या माणसास भेटावयास लोक फळे घेऊन जातात; “थोडे आधी चालला असतात तर ही वेळ आली नसती” असे त्यास तोंडावर कोणी म्हणत नाही. पण पोटाचा बायपास करून घेतला म्हटले की, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म स्मित उमटते. ‘जिभेला लगाम घालता आला नाही, म्हणून पोटच कापून घेतले’ असा त्याचा अर्थ. ते स्मित आम्हांस नको होते. उलट, जिद्दीचा पुरुष म्हणून जी वाहवा मिळत होती ती, खरे सांगायचे तर, गोड लागत होती.

या गोड लागण्याची किंमत दुसऱ्याच कोणी चुकविली. आपल्या मंडळातील एक तरुण सभासद, ज्यांचे नाव आम्ही घेणार नाही, परंतु ज्यांच्या संमतीने हे सांगत आहोत, आमच्या उदाहरणाने भारावले. त्यांचे वजन तेव्हा आमच्या पूर्वीच्या वजनाच्या जवळपास होते. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, पुढे सकाळचेही निम्मे केले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रोज आठ-आठ किलोमीटर चालू लागले. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. पुढच्या सहा महिन्यांत अकरा चढले. एके दिवशी सकाळी रस्त्यातच ते आम्हांस म्हणाले, “काका, तुम्हांला जमले ते मला जमले नाही. दोष माझ्यातच आहे.” आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून “धीर धरा” म्हणालो, आणि घरी आलो. त्या दिवशी चहा घशाखाली उतरला नाही. दोष त्यांच्यात नव्हता. त्यांनी ज्या परीक्षेत स्वतःला नापास ठरविले, त्या परीक्षेस आम्ही बसलोच नव्हतो. दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन आम्ही सारे सांगितले. आज ते आपणा सर्वांस सांगत आहोत.

आता मूळ हकिकतीकडे येऊ. २०१८ च्या अखेरीस आमचे वजन १२८ किलो होते. उंची १६८ सेंटिमीटर. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरमधील आकड्याच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, त्यास बॉडी मास इंडेक्स म्हणतात. आमचा तो अंक ४५ च्या वर होता. भारतीयांसाठी तो २३ च्या पुढे गेला की वजन अधिक, आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा, असे आपल्याकडील तज्ज्ञ मानतात. मधुमेह दहा वर्षांचा जुना होता. झोपेत श्वास अडखळत असे, त्यामुळे रात्रीची झोप ही झोप नव्हतीच. तिचा वचपा दिवसा निघे. एका आढावा बैठकीत वरिष्ठ बोलत असतानाच आम्ही घोरू लागलो. सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आले नाही, कारण आमचे वडील असेच बसल्या जागी झोपत, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका दुपारी ते जागे झाले नाहीत. आम्हांस तेव्हा एक्कावन्न पूर्ण झाली होती.

उपाय केले नव्हते असे नाही. एकवेळ जेवण, फळांचा आहार, गरम पाण्यात लिंबू, पाच निरनिराळ्या आहारतज्ज्ञांचे तक्ते, हे सर्व झाले होते. आम्ही एकंदर हिशोब मांडला तेव्हा असे दिसले की, वीस वर्षांत आम्ही सुमारे सत्तर किलो घटविले होते आणि शंभराहून अधिक मिळविले होते. दर वेळी वजन परतले की दोष इच्छाशक्तीच्या खाती लिहिला गेला.

इच्छाशक्तीची ही गोष्ट खरोखर किती तिच्या हातातली असते, हे १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगात दिसून आले. छत्तीस निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. परंतु बोध घ्यावा असे घडले ते त्यांच्या मनात. हे तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके चाळू लागले. एक घास पुरवून पुरवून खाऊ लागले. बंधन उठल्यावरही कित्येकांना कितीही खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटेना. हे लोक आळशी नव्हते की हावरे नव्हते. उपासमारीपासून जीव वाचविण्यासाठी शरीराने जी व्यवस्था केली आहे, ती त्यांच्यात काम करीत होती. वजन घटू लागले की भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते. ही व्यवस्था दुष्काळात तारक ठरते. मिठाईच्या दुकानासमोर मात्र तीच मारक होते.

आणि आपण भारतीय या बाबतीत थोडे अधिकच अडचणीत आहोत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. दोघेही दिसावयास सडसडीत. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी लपलेली असते, आणि मधुमेह आपल्याकडे लवकर व अल्प वजनातही येतो, हे त्या एका चित्राने जगापुढे मांडले. तेव्हा सभागृहातील कृश बांध्याच्या मंडळींनीही आमच्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये, ही विनंती.

शस्त्रक्रियेची कल्पना कशी निघाली, तेही थोडक्यात सांगू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांच्या ध्यानी आले की, जठरातील व्रणामुळे ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकावा लागतो, त्यांचे वजन घटते आणि सहसा पुन्हा वाढत नाही. त्यावरून १९६६ साली त्यांनी लठ्ठ रुग्णांसाठी जठराचा बायपास केला. पुढे त्यात सुधारणा झाल्या. आतड्याची इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी आली, जी सेझार रू या स्विस शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. आणि १९९४ पासून हीच शस्त्रक्रिया पोट न फाडता, चार-पाच लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ लागली.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी वेगळी करतात. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे. एरवी आपल्या जठरात लिटरभर सहज मावते. लहान आतडे काही अंतरावर कापून त्याचे खालचे टोक या पिशवीस जोडतात. उरलेले जठर आत तसेच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. पूर्वी असे मानीत की, पिशवी लहान म्हणून जेवण थोडे, आणि जेवण थोडे म्हणून वजन कमी. आता कळते की, गोष्ट एवढी सोपी नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने तृप्तीचा निरोप मेंदूस देणारे आंतररस वाढतात. भुकेचा आवाजच खाली येतो. मधुमेहही वजन पुरते उतरण्याच्या आधीच, कित्येकदा काही दिवसांत, नरम पडतो. उत्तर कॅरोलिनातील वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली हे निष्कर्ष मांडले तेव्हा वैद्यकजगतास आश्चर्य वाटले होते. आमच्या बाबतीत इन्सुलिन तिसऱ्या आठवड्यात बंद झाले. एक गोळी मात्र आजही चालू आहे.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, मग प्रश्नच मिटला. तो मिटत नाही. डॉक्टरांचे काम दोन तासांत संपले. आमचे तेथून सुरू झाले. सहा वर्षांत जे धडे मिळाले ते क्रमाने सांगतो.

पहिला धडा चावण्याचा. ‘एक घास बत्तीस वेळा चावावा’ हे लहानपणी ऐकले होते, पाळले कधीच नव्हते. आता पाळले नाही तर घास छातीशी अडतो आणि ताट सोडून उठावे लागते. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, पुढचे दोन घोटलेले, मग मऊ; पोळीचा पहिला तुकडा आम्ही दीड महिन्यानंतर खाल्ला. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. ज्याने आयुष्यभर सात मिनिटांत जेवण उरकले, त्यास वाटीभर मुगाच्या खिचडीस पंचवीस मिनिटे लागू लागली. आरंभी ही शिक्षा वाटली. मग लक्षात आले की, खिचडीस चव असते हे आम्हांस प्रथमच कळत आहे.

दुसरा धडा असा की, थोडे खावयाचे असेल तर काय खावे यास महत्त्व येते. दिवसाकाठी किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. १०० ग्रॅम पनिरात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत त्याच्या निम्मीही नसतात. म्हणून आधी डाळ, दही, पनीर, मोड आलेली कडधान्ये, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-पोळी. आपल्या मराठी ताटाची मांडणीच उलटी करावी लागली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात मूठमूठ केस येऊ लागले, तेव्हा आम्ही घाबरलो. वजन झपाट्याने उतरताना असे होते आणि काही महिन्यांनी केस परत येतात, असे डॉक्टरांनी समजाविले. आमच्या मूळच्या विरळ संपत्तीपैकी जेवढी परत यावयाची तेवढी आली.

तिसरा धडा, औषधे जन्माची. आतड्याचा जो भाग वगळला जातो, तेथेच लोह आणि कॅल्शियम शोषले जाते. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या शोषणासही जठराची मदत लागते. तेव्हा या सर्वांच्या गोळ्या व इंजेक्शने, आणि दरवर्षी रक्ताची तपासणी, यांस निवृत्ती नाही. अंगदुखीसाठी दुकानातून सहज आणतो त्या गोळ्यांपैकी बऱ्याच आता वर्ज्य, कारण त्यांनी जोडणीच्या जागी व्रण होतो. मद्य रक्तात फार लवकर चढते आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. ज्यांस लागू असेल त्यांनी ऐकून ठेवावे. शिवाय शस्त्रक्रिया म्हटली की धोका आलाच. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, जी २००९ साली प्रसिद्ध झाली, पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण हजारी तीन आढळले. हा आकडा लहान आहे. पण ज्याच्या घरी तो घडतो त्यास तो लहान नसतो. सही करताना सौभाग्यवतींचा हात थरथरत होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

चौथा धडा सर्वांत कठीण, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही मुख्यत्वे उभे आहोत. पोट लहान होते. मन होत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात आमचे वजन ८६ किलोंवर आले. बेचाळीस किलो उतरले होते. रात्री श्वास अडखळणे थांबले होते. भेडाघाटच्या पायऱ्या न थांबता चढता येत होत्या. आम्हांस वाटले, जिंकलो. आणि तेथूनच घसरण सुरू झाली. टाळेबंदीचे दिवस, घरूनच काम, आणि हाताशी चिवड्याचा डबा. पोळी-भाजीने ती लहान पिशवी भरते आणि थांबण्याची सूचना मिळते. चिवडा, फरसाण, बिस्किटे यांची ती सूचना मिळत नाही; ती विरतात, सरकतात, आणि तासभर खात राहता येते. गोडाचा धाक काही काळ होता. शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात या शहराची सुप्रसिद्ध खव्याची जिलबी एक संपूर्ण खाल्ली होती, आणि पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आडवे पडावे लागले होते. साखर एकदम आतड्यात उतरली की असे होते. पण मनुष्याची बुद्धी मोठी चलाख. पाव जिलबीने काही होत नाही, असा शोध आम्ही लावला. आणि दर दोन तासांनी पाव याप्रमाणे दिवसात एक पूर्ण होते, हे गणित बी. ए. झालेल्या माणसासही जमते.

कार्यालये उघडली तेव्हा हा व्यवहार टेबलाच्या खालच्या खणात गेला. वजनकाटा पलंगाखाली गेला. २०२२ च्या दिवाळीत पट्ट्याचे भोक दोन घरे पुढे सरकले होते, आणि तेव्हाही रस्त्यात भेटणाऱ्यास आम्ही ‘नियमितपणा’वर चार शब्द ऐकवीत होतो. एके दिवशी आमचा डबा विसरला म्हणून सौभाग्यवती कार्यालयात आल्या. आम्ही बैठकीत होतो. चमचा शोधण्यासाठी त्यांनी तो खण उघडला. संध्याकाळी घरी त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “सहा आठवडे मी डाळीचे पाणी गाळले, ते याच्यासाठी का?” दुसऱ्या दिवशी काटा पलंगाखालून काढला. ९७ किलो. अकरा परत आले होते.

त्या आठवड्यात आम्हांस वाटले की सर्व संपले. जे वीस वर्षे झाले तेच पुन्हा झाले. नागपूरला जावयास पाय उचलेना. अखेर गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्वीडनमधील एका दीर्घ पाहणीचे आकडे दाखविले. १९८७ पासून तेथे शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची, आणि न झालेल्या तेवढ्याच लोकांची, नोंद वर्षानुवर्षे ठेवण्यात आली. जठराचा बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे थोडे परत येणे हा नियमच आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली नव्हती, त्यांचे वजन जवळजवळ आहे तेथेच राहिले. आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले. डॉक्टर म्हणाले, “हा आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. रक्तदाब पुन्हा वाढला तर तुम्ही लपवून ठेवाल का?” आम्ही निरुत्तर झालो. आम्ही अकरा किलो लपविले होते, आणि ते लपविण्यासाठी आणखी खात होतो.

त्यानंतरची व्यवस्था सरकारी पद्धतीची आहे. जे खाल्ले ते त्याच दिवशी वहीत लिहावयाचे, चांगले-वाईट असा शेरा न मारता. दर सोमवारी वजन, आणि तो आकडा सौभाग्यवतींना दाखवावयाचा. दिवसाचे खाणे ठरलेल्या पाच वेळी, बसून, ताटात वाढून. खण रिकामा. चालणे चालूच आहे. जोडीला आठवड्यातून तीन दिवस हलकी वजने उचलतो, कारण या वयात स्नायू राखले नाहीत तर चालून भागत नाही. आज वजन ९२ किलो आहे. ८६ वर परत जाण्याचा हट्ट सोडला आहे. खणात कधीतरी पुडी येते. पण ती आता वहीतही येते.

अलीकडे काही सभासद विचारतात की, आता इंजेक्शने निघाली आहेत, मग शस्त्रक्रिया कशास? सेमाग्लुटाइड व तिर्झेपटाइड ही वजनासाठीची औषधे २०२५ साली भारतात विक्रीस आली. आतड्याचे जे तृप्तीचे रस आम्ही वर सांगितले, त्यांच्याच धर्तीवर ती काम करतात, आणि अनेकांस त्यांचा उपयोग होतो. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे धडा तोच. आणि शस्त्रक्रियाही कोणी हौसेने करावयाची गोष्ट नाही. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी मर्यादा सुचविली, ती बॉडी मास इंडेक्स ३५ ची, मधुमेहासारखे विकार असतील तर ३० ची, आणि आशियाई लोकांसाठी त्याहून थोडी खाली. अमुकच मार्ग घ्या, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो ज्याचा त्याचा व त्याच्या डॉक्टरांचा विषय आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जो मार्ग घ्याल तो लपवू नका, आणि दुसऱ्याने घेतलेल्या मार्गास हसू नका.

आता मंडळाकडे वळतो. आपले मंडळ पन्नास वर्षे टिकले, त्यात पंगतीचा वाटा मोठा आहे. गावाकडून शेकडो मैल दूर आलेल्या माणसाला पुरणपोळीचा वास आला आणि ‘आणखी एक घ्याच’ असे कोणी मराठीत म्हटले की, आपण परक्या मुलखात नाही असे त्यास वाटे. आम्हीही पंचवीस वर्षांपूर्वी असेच या मंडळात आलो. तो आग्रह हे प्रेमच होते, आणि त्या प्रेमास आम्ही कधी नाही म्हटले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महाप्रसादास आम्ही मात्र अर्धी वाटी वरण घेऊन कोपऱ्यात बसलो होतो, आणि आजारपणाचा बहाणा करून लवकर निघून गेलो. त्या रात्री जाणवले की, वजनाबरोबर आपली माणसेही उणी होतात की काय. तसे होऊ नये, म्हणून दोन विनंत्या करतो.

पहिली अशी की, आग्रह जरूर करावा, पण एकदा. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटावर हात आडवा आला की वाढप्याने पुढे जावे, आणि ‘एवढेच?’ हा शब्द आपल्या पंगतीतून हद्दपार व्हावा. कोणी जाड झाला, कोणी वाळला, यावरील शेरेही त्याबरोबर जावेत. आमच्या वाळण्याचे कौतुक करणाऱ्यांत काहींनी हळूच ‘कर्करोग तर नाही ना’ असे घरी विचारले होते.

दुसरी विनंती लहान आहे. या सभागृहातील सर्व खुर्च्या हातांच्या आहेत. सुवर्णमहोत्सवी निधीतून सहा रुंद, बिनहातांच्या खुर्च्या घेण्यात याव्यात, आणि त्या मागे नव्हे, इतरांच्या बरोबरीने रांगांत ठेवाव्यात. त्यांच्या खर्चाची रक्कम आम्ही आजच चिटणिसांकडे दिली आहे. बाकड्यावर बसणाऱ्यास सर्व सभागृह पाहत असते. आम्ही नऊ वर्षे त्या बाकड्यावर बसलो. ज्या तरुण मित्राचा उल्लेख आम्ही आरंभी केला, ते गेली दोन वर्षे मंडळाच्या कार्यक्रमांना दाराशी उभे राहून जातात. पाय दुखतात म्हणून नव्हे. बसावयास जागा नाही म्हणून. त्यांची पुढील तपासणी नागपुरास व्हावयाची आहे, आणि त्यांची इच्छा असल्यास आम्ही सोबत जाणार आहोत. तेथे जे ठरेल ते ठरो. पुढील गणेशोत्सवात ते आमच्या शेजारी बसलेले असावेत, एवढी इच्छा आहे.

 उद्या पहाटे साडेपाच वाजता नेहमीप्रमाणे ग्वारीघाटाच्या रस्त्यावर भेटूच. मात्र उद्यापासून कोणी विचारले तर उत्तर पूर्ण देऊ.